आमचे धनुष्यभंग

प्रभू रामचंद्रांनी जन्मात एकच धनुष्य मोडलं आणि तेवढ्या भांडवलावर त्यांचं लग्न झालं. मी सात महिन्यांत चार मोडली. माझं लग्न आधीच झालेलं असल्यामुळे त्या बाजूनं काही फायदा होण्यासारखा नव्हता. उलट चौथं मोडल्यावर, झालेलं लग्नही तडकतं की काय, असे करकर आवाज घरातून यायला लागले होते.

या सगळ्याला बर्लिन जबाबदार आहे. ५ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे तिथं तिरंदाजीत जगज्जेते झाले. ओजसनं तर अंतिम सामन्यात दीडशेपैकी दीडशे गुण घेतले. मी गणिताचा मास्तर. दीडशेपैकी दीडशे हा आकडा मी नोकरीत फक्त प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर पाहिलेला. त्यात नागपूर म्हणजे आमच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याचं दुसरं टोक. नांदगाव पेठेत हायवेच्या कडेला उभं राहिलं की एका हाताला अमरावती, दुसऱ्या हाताला नागपूर. म्हणजे जग जिंकणारा पोरगा आपल्याच रस्त्यावरचा!

आणि अमरावती तरी काय कमी? हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून इथल्या पोरांच्या हाडांना वळण लावतं आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत धनुष्य धरायला शिकला आणि टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोचला. साताऱ्याकडचा पोरगा अमरावतीला येऊन टोकियोला जातो, आणि मी अमरावतीच्या इतक्या जवळ राहून बावन्न वर्षांत टोलनाक्यापुढे जात नाही, ही गोष्ट मनाला लागली. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला साखर सोडायला आणि काहीतरी खेळायला सांगितलं होतं. साखर सुटण्यासारखी नव्हती.

ऑलिम्पिकमधल्या धनुष्याची चौकशी केली. त्याला पुढे लांब दांडे, बाजूला नेम धरायची कळ, आणि किंमत अशी की ती सांगण्याआधी दुकानदारानं मला पाणी दिलं. ओजसच्या धनुष्याला तर चाकं असतात. मी आजवर चाकं असलेली एकच वस्तू हप्त्यानं घेतली आहे आणि तिचे हप्ते अजून सुरू आहेत.

मग वाचता वाचता लाँगबो सापडला. माणसाएवढं उंच, सरळसोट, एकाच दांड्याचं धनुष्य. ना चाक, ना भिंग. असल्याच धनुष्यांनी इंग्रजांनी १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टच्या चिखलात फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवली. त्याच्याही आधी, १३६३ मध्ये, तिसऱ्या एडवर्ड राजानं फर्मान काढलं होतं, की सुट्टीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी बाकीचे खेळ सोडून धनुष्यबाणाचा सराव करावा. मी हे घरात मोठ्यानं वाचून दाखवलं.

“त्या राजाच्या घरी आयतवारी नळ येत नसन,” सौभाग्यवती म्हणाली.

पहिलं धनुष्य कुरिअरनं आलं. लाकडाचे तीन पातळ थर एकमेकांना चिकटवलेलं, चकचकीत, माझ्यापेक्षा चार बोटं उंच. गल्लीतल्या लोकांना वाटलं, मास्तरनं पडद्याचा रॉड मागवला. ते मी जिवापाड जपलं. इतकं जपलं, की मे महिन्यात अकोल्याला लग्नाला निघालो तेव्हा घरी ठेवायचा जीव झाला नाही आणि गाडीत सोबत घेतलं. अकोल्याचा मे महिना, बंद काचा, मांडवात तीन पंगती. चार तासांनी गाडीचं दार उघडलं तर डिंकानं शरणागती पत्करली होती आणि तिन्ही थर, बाप गेल्यावर भावांनी शेत वाटून घ्यावं तसे, आपापल्या दिशेनं तोंडं करून बसले होते.

आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोज’ नावाचं जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढला. त्या जहाजातून शंभराहून जास्त लाँगबो निघाले. ४३७ वर्षं खाऱ्या पाण्याखाली पडलेली धनुष्यं! आणि माझ्याला अकोल्यातलं एक लग्न सोसलं नाही.

दुसरं धनुष्य बांबूचं घेतलं. आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ नावाचा तिरंदाजीचा साधा प्रकार आहे. बांबूचं धनुष्य, तीस आणि पन्नास मीटरवरचं लक्ष्य, नेम धरायला फक्त देवानं दिलेला डोळा. शाळकरी पोरं यावरच शिकतात. पोरांचं असल्यामुळे मला परवडणारं होतं. घरामागं आमचं अर्धा एकर वावर आहे. तिथं कुटारानं भरलेलं पोतं उभं केलं, त्यावर खडूनं वर्तुळं काढली. पहिल्या दिवशी सहा बाण मारले. पोत्याला एकही जखम झाली नाही. पलीकडे वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. त्यांना नेम धरला असता तरी त्या वाचल्या असत्या.

जुलैत साळा आला. साळा हा प्राणी बहिणीच्या घरी येतो तेव्हा प्रत्येक वस्तूला हात लावून पाहतो. त्यानं धनुष्य उचललं, दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडून दिली. बाण न लावता.

धनुष्याच्या जगात यापेक्षा मोठं पाप नाही. ओढलेल्या दोरीतला सगळा जोर बाण घेऊन जातो. बाणच नसला, तर तो जोर धनुष्याच्याच अंगात फिरतो. हेडमास्तरांनी झापल्यावर मास्तर वर्गात पोरांना झोडतो. वर्ग रिकामा असला तर तोच राग त्याच्या पित्तावर जातो, तसं. कडकन आवाज आला आणि धनुष्याला मुठीपाशी उभी चीर गेली.

“हे तं पहिलेच तडकेल होतं, भाऊजी,” साळा म्हणाला. “दुकानदारानं फसवलं तुमाले.”

बहिणीनं भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाली, “पावती ठेवली का?”

तिसऱ्या खेपेला मी ठरवलं, की आता मजबुतीत तडजोड नाही. मजबूत म्हणजे सागवान. एका सुताराला गाठलं. त्यानं माझं माप घेतलं, चहा प्यायला आणि विचारलं, “पॉलिश मॅट करू का ग्लॉसी?” पंधरा दिवसांनी जे आलं ते पाहून डोळे दिपले. कोरीव मूठ, दोन्ही टोकांना कमळ, उभं केलं तर वाटे, राजवाड्याच्या पलंगाचा एक पाय चोरून आणला आहे. फक्त ते वाकत नव्हतं. सागवान दारासाठी उत्तम आणि दारानं वाकू नये हाच त्याचा मोठेपणा, ही गोष्ट मला पैसे देऊन झाल्यावर कळली. ओढता येईना, म्हणून मी ते बैठकीत भिंतीला टांगलं. तिथं ते नवरात्रात मंडळाच्या पोरांच्या नजरेला पडलं.

“मास्तर, दसऱ्याले सीता स्वयंवर बशीवतो. एका दिवसासाठी द्या ना धनुष्य.”

“जपून वापराल?”

“बाप्पा! देवाचं काम हाय.”

राम एमआयडीसीत कामाला होता आणि रोज सकाळी दोन तास जिमला जात होता, हे मला कोणी सांगितलं नाही. स्वयंवरात त्यानं धनुष्य गुडघ्यावर घेतलं. तीन राजे आधीच ‘उचलत नाही’ म्हणून घाम पुसून गेले होते. रामानं ते उचललं, लोकांकडे पाहिलं, दंड फुगवले, आणि जे माझ्यानं वीस दिवसांत दोन इंच वाकलं नव्हतं ते एका झटक्यात मोडलं. मांडव टाळ्यांनी दुमदुमला. मीही पहिल्या रांगेत होतो. लोकांनी मला टाळ्या वाजवायला लावल्या. रामायणात जनक राजानं नुकसानभरपाई मागितल्याचा उल्लेख नाही, त्यामुळे मला काही बोलता येईना.

रात्री पोरं प्रसाद घेऊन आली. नारळ, पेढे आणि दोन तुकडे.

“घ्या मास्तर, धनुष्य.”

“अरे, हे दोन आहेत.”

“मंग? एक नेलं होतं, दोन आनले.”

चौथं मी स्वतः केलं. दुसरं मोडल्यावरच, श्रावणात, एका स्नेह्याच्या धुऱ्यावरचा मानवेल बांबू तोडून छपरीत टांगून ठेवला होता. मोबाइलवर पाहून पाहून तासला. गणिताचा मास्तर असल्यामुळे दोन्ही बाजू कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजल्या. दृष्ट लागावी असं धनुष्य झालं. फक्त रोज सकाळी त्याच्याखाली पिवळसर पिठाची बारीक रांगोळी पडायची. सौभाग्यवतीला वाटे, मी रात्री उठून बेसनाचे लाडू खातो. मी शपथा घेतल्या. दिवाळीत खरे लाडू झाले तेव्हा मला मोजून दोन मिळाले.

ते पीठ म्हणजे आत बसलेल्या किड्यांची मेहनत होती. पावसाळ्यात बांबूच्या अंगात गोडवा असतो. त्या दिवसांत तोडलेला बांबू म्हणजे किड्यांना आयती पंगत. डॉक्टरांनी मला सांगितलं तेच बांबूलाही लागू होतं: साखर वाईट. नोव्हेंबरच्या एका सकाळी मी दोरी पूर्ण ओढली, फट्‌ असा आवाज झाला आणि धनुष्याच्या वरच्या अर्ध्या भागानं माझ्या कानशिलात लगावली. गालावर चार दिवस वळ होता. शाळेत शिक्षकांच्या खोलीत त्याचा अर्थ एकमतानं वेगळाच लावला गेला. एक ज्येष्ठ शिक्षक तर हळूच खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “होते असं. आपन बोलाचं नाई.”

चौथ्यानंतर गावानं प्रकरण हातात घेतलं. चहाच्या टपरीवर निदान झालं: साडेसाती. एकानं सांगितलं, शनिवारी मारुतीला तेल वाहा. दुसरा म्हणाला, मारुतीला कशाला, धनुष्यालाच वाहा. शेजारच्या अण्णांनी पंचांग आणलं. “मास्तर, रास?”

“धनु.”

टपरीवर शांतता पसरली. धनु राशीच्या माणसाचं धनुष्य टिकत नाही म्हणजे काय! अण्णांनी चष्मा पुसला, बोटांवर मोजलं आणि उदास चेहऱ्यानं म्हणाले, “पन धनुवाल्यायची साडेसाती तं जानेवारी २०२३ मधीच संपली.” म्हणजे शनीनंही माझ्या प्रकरणातून अंग काढून घेतलं होतं.

मग कोणीतरी मूळ मुद्द्याला हात घातला: वऱ्हाडाला धनुष्य लाभतच नाही. हे मात्र मला पटलं. आमच्याच जिल्ह्यात वर्धा नदीकाठी कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. तिचा भाऊ रुक्मी हा आमचा आद्य धनुर्धर. अर्जुनाचं गांडीव, कृष्णाचं शार्ङ्ग, तसं याच्याकडे ‘विजय’ नावाचं दिव्य धनुष्य. कृष्णानं रुक्मिणीला नेलं तेव्हा हा मागे धावला. कृष्णाला मारल्याशिवाय कौंडिण्यपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून गेला आणि हरला. प्रतिज्ञा मोडायची नाही म्हणून घरी न जाता नवीनच गाव वसवलं, भोजकट. आमचं भातकुली ते हेच, असं मानतात. पुढे महाभारताचं युद्ध ठरलं तेव्हा हा ‘विजय’ घेऊन पांडवांच्या छावणीत गेला. अर्जुनाला म्हणाला, “भीती वाटत असेल तर मी आहे.” अर्जुन म्हणाला, “वाटत नाही.” मग तो दुर्योधनाकडे गेला. त्यानंही नको म्हटलं. अठरा अक्षौहिणी सैन्य जमलं, त्यात जागा मिळाली नाही ती एका वऱ्हाडी माणसाला. तो धनुष्य खांद्यावर टाकून घरी परतला. विजय कायम खांद्यावरच राहिला.

अशा परंपरेत मी पाचव्या धनुष्यासाठी निघालो, ते मेळघाटच्या पायथ्याशी, परतवाड्याच्या पलीकडे. तिथल्या एका गावात एक म्हातारे कोरकू बाबा तिरकामठे करतात, असं कळलं होतं. जाताना मी चारही मोडक्या धनुष्यांचे तुकडे पोत्यात भरून नेले. मोठ्या डॉक्टरकडे जाताना माणूस जुने रिपोर्ट नेतो, तसे.

बाबांनी अंगणात पोतं रिकामं केलं. एकेक तुकडा उचलला, वास घेतला, बोट फिरवलं.

“हे उन्हात ठेवलं होतं.”

“हो.”

“हे बिना तिराचं सोडलं.”

“साळ्यानं.”

“हे लाकूड पलंगाचं हाय.” सागवानी कमळावर त्यांनी जरा वेळ कौतुकानं अंगठा फिरवला. “हे बरसातीत तोडलं.”

मी दबकत विचारलं, “बाबा, यात कुठं शनीचा काही...?”

बाबांनी चारही तुकडे पुन्हा एकदा नीट पाहिले. मग म्हणाले, “नाई. याच्यात मानूसच दिसते.”

पोत्यात तुकडे भरताना मी बराच वेळ मान वर केली नाही.

त्यांनी मला उभं केलं आणि बांबू माझ्या शेजारी लावून कपाळाशी खूण केली. माझे दंड दोन बोटांत धरून पाहिले. बाजारात पिशवी उचलून सांधे दुखतात का, असं विचारलं. खरं उत्तर दिलं. त्यावर ते म्हणाले, “हलकं करतो.” धनुष्याला बांबू चालतो, नाहीतर धामणीचं लाकूड. धामणीला संस्कृतात धनुर्वृक्ष म्हणत, आणि मी दारा-खिडक्यांच्या झाडामागे धावत होतो! बांबू थंडीतच तोडायचा, पिकलेलाच तोडायचा, सावलीत वाळू द्यायचा. त्यांच्याकडे आदल्या थंडीतला वाळलेला होता.

पुढचे दोन तास मी फक्त पाहत बसलो. बाहेरच्या सालीला त्यांनी हात लावला नाही. ताण तीच सोसते. आतली बाजू विळ्यानं एवढी एवढी खरवडायची, दोरी लावून जरा वाकवायचं, दुरून पाहायचं, पुन्हा खरवडायचं. दोन्ही अंगं सारखी वाकली पाहिजेत. एक आळशी निघालं की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि मग तेच मोडतं. हे ऐकताना मला आमच्या शाळेतलं परीक्षेचं काम आठवलं. मी पंचवीस वर्षांत वर्गातल्या एकाही पोराकडे इतकं निरखून पाहिलं नसेल, जितकं बाबा त्या बांबूकडे पाहत होते.

“कधी मिळेल?”

“होळीनंतर ये.”

‘नंतर’ हा शब्द मी नीट ऐकला नाही. होळीतच गेलो. कोरकूंची होळी म्हणजे आपली दिवाळी, दसरा आणि भाच्याचं लग्न, सगळं एकत्र. वाटेत प्रत्येक गावाशी पोरांनी दोर आडवा धरलेला आणि ढोलाच्या तालावर फगवा मागणं सुरू. फगवा दिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. आमच्या टोलनाक्यावर निदान गाणं म्हणत नाहीत, पण इथं निदान नाचायला मिळतं. पाच दोर ओलांडून पोचलो तर बाबा स्वतःच नाचत होते. मला पाहून म्हणाले, “नंतर म्हनलं होतं.” परत येताना पुन्हा पाच दोर.

आठवड्यानं पुन्हा गेलो आणि धनुष्य हातात आलं. ना कमळ, ना पॉलिश. मधाच्या रंगाचं, मुठीला सुताचा दोरा गुंडाळलेलं. दोरी चढवली तेव्हा त्यानं असा काही बाक घेतला की मला उगाच खोकला आला. भंगारवाल्याच्या काट्याला अडकवून ओढून पाहिलं: सोळा किलो. म्हणजे पस्तीस पौंड. ‘मेरी रोज’वरचे लोक याच्या तिप्पट-चौपट ओढत, आणि त्या ओढण्यानं त्यांच्या खांद्याची हाडं बदलली होती, असं सांगाडे तपासणाऱ्यांचं मत आहे. माझी हाडं बदलायला सोळा किलो पुरेसे होते.

परतीच्या वाटेवर जंगलाच्या एका नाक्यावर गाडी अडवली. शिपायानं मागच्या काचेतून बाहेर आलेलं टोक पाहिलं.

“हे काय हाय?”

“धनुष्य.”

“म्हंजे बांबू. पास दाखवा.”

मी तयारीनं गेलो होतो. बांबू हे शास्त्रानुसार गवत आहे, पण १९२७ च्या वन कायद्यानं त्याला झाड ठरवलं होतं. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू त्या झाडपणातून सुटला. हे सगळं मी त्याला सांगितलं. हा बांबू बाबांच्या परसातला आहे, तो आता झाड नाही, असंही सांगितलं.

“बरं. बांबू नाई तं मंग हत्यार हाय.”

ही बाजू माझी कच्ची होती. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यात हत्यारांच्या यादीत बंदुकीच्या सोबतीला धनुष्यबाण लिहिलेलाच आहे.

“हत्यार नाही हो, खेळाचं साहित्य आहे.”

“मंग खेयून दाखवा.”

मी उतरलो, दोरी ओढली आणि हळूच परत आणली.

“सोडा ना.”

“रिकामी दोरी सोडत नसतात. धनुष्य मोडतं.”

“मंग बान लावा.”

“बाण लावला की हत्यार होईल.”

शिपायानं माझ्याकडे पाहिलं. धनुष्याकडे पाहिलं. गाडीत बसलेल्या सौभाग्यवतीकडे पाहिलं. तिनं कपाळाला हात लावलेला होता. त्यानं दांडा वर केला. “जा बाप्पा. वाघाले तुमच्यापासून धोका नाई.”

घरी आल्यावर धनुष्याला जवसाचं तेल लावलं. जवस आम्ही वऱ्हाडी जन्मभर चटणीत खातो. त्याच झाडाच्या जातीपासून निघणाऱ्या लिननच्या धाग्याच्या दोऱ्या लाँगबोला लावत, हे कळल्यावर मी जेवताना चटणीला नमस्कार केला. टपरीवर पैजा लागल्या. कोणी अक्षय तृतीया म्हटलं, कोणी बुद्ध पौर्णिमा. अण्णांनी मृग नक्षत्र धरलं. मे महिना आला; मी धनुष्य माठाशेजारी सावलीत ठेवलं. साळा आला; मी धनुष्य कपाटात आणि कपाटाची किल्ली सोवळ्यात ठेवली. मृग गेला, आर्द्रा गेली. धनुष्य मोडलं नाही.

आणि खरं संकट तिथंच सुरू झालं.

आजवर बाण चुकला की कारण तयार असायचं. पहिल्याचा डिंक कच्चा, दुसऱ्याला चीर, तिसरं वाकेना, चौथ्यात किडा. मी वाईट तिरंदाज आहे, असं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. वाईट होतं ते नशीब. आता हातात असं धनुष्य होतं की त्यात खोट काढायला जागाच नव्हती, आणि बाण मात्र पूर्वीच्याच श्रद्धेनं पोत्याच्या उजवीकडून जात होते. मी वाऱ्याला दोष देऊन पाहिला. पण पिंपळाचं पान हलत नव्हतं. चष्म्याचा नंबर तपासला. बरोबर निघाला. खांदा दुखतो म्हटलं, तर डॉक्टरांनी ‘फ्रोझन शोल्डर’ लिहून दिलं. मी त्यांना ‘मेरी रोज’वरच्या हाडांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “तुमची तेवढी जुनी नाहीत,” आणि पुन्हा साखर तपासायला पाठवलं.

श्रावणात निंदणाला आलेल्या बायांनी बांधावरून आवाज दिला, “मास्तर, कपाशीतून तुमचे तीन बान निंघाले. तनासंगच फेकू का?”

सौभाग्यवतीनं तर एका संध्याकाळी हद्दच केली. ओट्यावर भाजी निवडता निवडता म्हणाली, “अवो, पोतं जरा उजवीकडं सरकवून पाहा ना.”

सरकवलं. त्या दिवशी बाण डावीकडून गेले.

चांगली वस्तू माणसाला किती उघडं पाडते हे मला तेव्हा कळलं. मुलाला भारी कंपास घेऊन दिला की भूमिती कच्ची असल्याचं समजतं. नवी कढई घेतल्यावर भजी तशीच झाली, तर मग गृहिणी काय करील? मी रोज सकाळी धनुष्यावर बोट फिरवून आशेनं एखादी चीर शोधायचो. खाली पीठ सांडलंय का पाहायचो. एकदा सांडलेलं दिसलं तेव्हा हृदय उचंबळून आलं. ते बेसन निघालं. लाडू मीच खाल्ला होता.

म्हणून यंदा नवरात्रात मंडळाची पोरं गल्लीत दिसली तेव्हा मी स्वतःच फाटकापाशी गेलो.

“काय रे, स्वयंवर आहे ना दसऱ्याला?”

“हाय ना मास्तर.”

“मग धनुष्य न्या की! नवं आहे. देवाचं काम, त्यात मी नाही कसा म्हणणार? राम तोच आहे ना, जिमवाला? तोच घ्या. चांगला पोरगा आहे.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं धनुष्य हातात घेतलं, वाकवलं, सोडलं नाही. तेवढं त्यालाही कळत होतं. मग मान हलवली आणि अदबीनं परत दिलं.

“नको मास्तर. आमी यंदा फायबरचं आनलं. त्याले मधात बिजागरी हाय, बटन दाबलं का दोन तुकडे. हे तुमचं लय पक्कं हाय.”

“अरे, पक्कं आहे तर चांगलंच ना?”

“नाई ना,” तो म्हणाला. “रामाच्यानं मोडलं नाई तं सीतेचं लगन खोळंबन.”

मी धनुष्य खांद्यावर टाकलं आणि रुक्मीसारखा वावरात गेलो. पोतं उजवीकडं होतं.